कौल गेला, विश्वास राहिला

१६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात जनमत कौल घेण्यात आला. महाराष्ट्रातील विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते पडली, तर केंद्रशासित प्रदेश कायम ठेवण्याच्या बाजूने १,७२,१९१. ज्या ध्येयासाठी दयानंद बांदोडकर यांनी महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष उभारला होता, ते ध्येय ३४,०२१ मतांनी पराभूत झाले. मूळ घोषणाच निकालात निघालेला पक्ष सहसा तग धरत नाही. मात्र त्याच वर्षी मार्चअखेरीस झालेल्या निवडणुकीत मगो पक्षाने ३० पैकी १६ जागा जिंकल्या आणि ५ एप्रिलला भाऊसाहेब पुन्हा मुख्यमंत्री झाले. हे कसे घडले, याचे उत्तर त्यांच्या कार्यात सापडते.

१२ मार्च १९११ रोजी पेडण्यात जन्मलेले भाऊसाहेब पुढे खाण व्यवसायात नावारूपाला आले. संपत्ती आली, तरी खेड्यातील माणसाशी असलेला संबंध तुटला नाही. पोर्तुगीज राजवटीत बहुजन समाजाच्या वाट्याला आलेले जिणे त्यांना जवळून ठाऊक होते. कसणारे कूळ, भाटकाराच्या जमिनीत झोपडी बांधून राहणारा मुंडकार आणि शाळेपासून वंचित राहिलेली मुले, हा त्यांचा मतदार होता. मुक्तीनंतर डिसेंबर १९६३ मध्ये झालेल्या पहिल्या निवडणुकीत काँग्रेसला गोव्यात एकही जागा मिळाली नाही आणि २० डिसेंबरला भाऊसाहेब पहिले मुख्यमंत्री झाले. मुक्तीचे श्रेय आपोआप मतांत उतरेल, हा काँग्रेसचा अंदाज खोटा ठरला. लोकांना आपल्या दारातल्या प्रश्नांशी बोलणारा नेता हवा होता.

सत्तेवर येताच त्यांनी त्या प्रश्नांना हात घातला. १९६४ मध्ये कूळ कायदा झाला. कसणाऱ्याच्या डोक्यावरील बेदखलीची टांगती तलवार दूर होऊ लागली. गावोगावी मराठी प्राथमिक शाळा उघडल्या आणि ज्या घरांत पाटी-पेन्सिल कधी आली नव्हती, त्या घरांतील मुले वर्गात बसू लागली. मुंडकारांना घरातून हुसकावण्याविरुद्ध संरक्षण देणारा कायदा १९७१ मध्ये आला.

या पार्श्वभूमीवर १९६७ चे कोडे उलगडते. विलीनीकरण भाऊसाहेबांना मनापासून हवे होते. त्यांच्या अनुयायांपैकी अनेकांनाही ते हवे होते. मात्र शेतात राबणाऱ्या माणसाची पहिली गरज होती जमीन, छप्पर आणि मुलांचे शिक्षण. विलीनीकरण हा त्याच्या दृष्टीने तेथवर जाण्याचा एक मार्ग होता. तो मार्ग बंद झाला, तरी गरज उरलीच आणि ती ओळखणारा माणूसही समोर होता. भाऊसाहेबांनीही कौल मान्य करून वेगळ्या गोव्याचाच कारभार हाती घेतला. स्वतःचे स्वप्न आणि लोकांचे हित यांतील अंतर ओळखण्याची ही परीक्षा ते उत्तीर्ण झाले. १९७२ मध्येही मतदारांनी त्यांच्या पक्षाला बहुमत दिले.

१२ ऑगस्ट १९७३ रोजी मुख्यमंत्रिपदावर असतानाच त्यांचे निधन झाले. त्यांच्या कन्या शशिकला काकोडकर यांनी धुरा सांभाळली आणि कसेल त्याची जमीन हे तत्त्व कायद्यात उतरवले. मिरामारच्या किनाऱ्यावर भाऊसाहेबांची समाधी आहे. त्यांचे खरे स्मारक मात्र त्या शाळांमध्ये आणि कुळांच्या नावावर लागलेल्या शेतांमध्ये आहे.