चित्राखालचे नाव : फ्रीडल डिकर-ब्रांडाइस यांची जीवनकथा

वाचकहो, लहान मुलाने चित्र काढावे आणि खाली आपले नाव लिहावे, ही गोष्ट आपल्याला किरकोळ वाटते. आपल्या रविवारच्या शाळांतून मुले चित्रे काढतात, शिक्षिका ती कौतुकाने भिंतीवर लावतात, आणि नाताळची सजावट उतरविताना ती रद्दीत जातात. परंतु या जगात एक स्थान असे होऊन गेले की, तेथे मुलांना रेल्वेगाडीच्या यादीतील क्रमांक देऊन आणले जात असे, आणि तेथे एका स्त्रीने प्रत्येक मुलाला चित्राखाली स्वतःचे नाव लिहावयास शिकविले. त्या स्त्रीचे नाव फ्रीडल डिकर-ब्रांडाइस. त्यांची जीवनकथा आपल्यापुढे ठेवीत आहे.

फ्रीडलचा जन्म ३० जुलै १८९८ रोजी ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना येथे एका गरीब यहूदी कुटुंबात झाला. ती चार वर्षांची असतानाच तिची आई वारली. वडील कागद, पेन्सिली, रंग अशा लेखनसाहित्याच्या दुकानात नोकरीस होते. आईविना वाढणाऱ्या या मुलीला खेळावयास मिळाले ते असे कागद आणि रंग. चौदाव्या वर्षी तिने छायाचित्रण व मुद्रणकलेचे शिक्षण देणाऱ्या संस्थेत प्रवेश घेतला. पुढे ती वस्त्रकलेकडे वळली. त्या काळी व्हिएन्नात फ्रान्झ चिझेक नावाचे एक शिक्षक होते. मूल ही प्रौढाची छोटी प्रतिकृती नव्हे, त्याच्या चित्राला त्याचे स्वतःचे नियम असतात, असे ते मानीत. फ्रीडल त्यांच्या वर्गात बसली आणि नंतर योहान्स इट्टेन या चित्रकाराची शिष्या झाली. इट्टेन विद्यार्थ्यांना चित्र काढण्यापूर्वी श्वास शांत करावयास व हात सैल सोडावयास सांगत. हा धडा फ्रीडल कधीही विसरली नाही.

१९१९ साली जर्मनीतील वायमार येथे 'बाउहाउस' ही कलाशाळा सुरू झाली. इट्टेन तेथे शिकवू लागले, आणि त्यांच्या मागोमाग फ्रीडलही तेथे गेली. चित्रकार आणि सुतार, विणकर आणि मुद्रक यांच्यात उच्च-नीच नाही, कला रोजच्या वापरातील वस्तूंत उतरली पाहिजे, हे या शाळेचे ध्येय होते. (याच शाळेतील शिक्षक-विद्यार्थ्यांच्या चित्रांचे प्रदर्शन डिसेंबर १९२२ मध्ये आपल्या कोलकात्यात भरले होते, आणि त्यात इट्टेन यांची चित्रेही होती.) फ्रीडलने तेथे विणकाम, पुस्तकबांधणी, छापचित्रे आणि अक्षरमांडणी या साऱ्यांत हात घातला. १९२१ मध्ये निघालेल्या 'यूटोपिया' या ग्रंथातील इट्टेन यांच्या लेखाची अक्षरमांडणी तिची होती. ती विद्यार्थिनी असतानाच तिच्यावर नवशिक्यांना शिकविण्याचे काम सोपविण्यात आले, यावरून तिच्या गुणांची कल्पना यावी.

१९२३ मध्ये शिक्षण संपल्यावर फ्रीडलबाईंनी आपले सहाध्यायी फ्रान्झ सिंगर यांच्यासह आधी बर्लिन येथे आणि मग व्हिएन्ना येथे काम थाटले. घरे, सामानसुमान, कापड, पुस्तकांची वेष्टने असे सारे काही तेथे आखले जात असे. त्यांच्या कामाची कीर्ती झाली. या काळातील एका कामाचा उल्लेख मुद्दाम केला पाहिजे. व्हिएन्नाच्या नगरपालिकेने कामगारांसाठी बांधलेल्या गोएटेहोफ या वसाहतीत १९३० च्या सुमारास एक बालवाडी उघडण्यात आली. ती माँटेसरी पद्धतीची होती. आपल्या देशाला ही पद्धती चांगली परिचित आहे, कारण मादाम माँटेसरी यांनी १९३९ नंतर काही वर्षे भारतात राहून शिक्षक घडविले. या बालवाडीची अंतर्गत रचना फ्रीडलबाई व सिंगर यांनी केली. तेथील प्रत्येक वस्तू मुलाच्या उंचीची होती. एकच खोली खेळासाठी, जेवणासाठी आणि झोपेसाठी वापरता येईल, असे तिचे सामान हलविता येत होते. श्रीमंतांची घरे सजविणारे हात आता कामगारांच्या मुलांसाठी राबू लागले. पुढे राजकीय उलथापालथीत ती बालवाडी नष्ट झाली.

त्याच सुमारास नगरपालिकेच्या बोलावण्यावरून त्या बालवाडी-शिक्षिकांना चित्रकला शिकवू लागल्या. बाहेर मात्र वातावरण बिघडत होते. जर्मनीत हिटलरचा उदय होत होता. फ्रीडलबाई साम्यवादी विचारांच्या होत्या, आणि छायाचित्रांचे व वर्तमानपत्रांचे तुकडे जोडून त्या भित्तिपत्रके तयार करीत. त्यांतील एकात मध्यभागी तान्हे बाळ आहे आणि त्याच्याभोवती या जगाची हिंसा व अन्याय दाखविला आहे. आपण मुलांच्या हाती कसले जग देत आहोत, असा प्रश्न त्या चित्रातून उभा राहतो. १९३४ मध्ये व्हिएन्नात उठाव झाला; तो चिरडला गेल्यावर फ्रीडलबाईंना अटक झाली. सुटका होताच त्या प्राग शहरी निघून गेल्या.

प्रागमध्ये त्यांनी जर्मनी व ऑस्ट्रियातून परागंदा झालेल्या कुटुंबांच्या मुलांना गोळा करून चित्रकला शिकविली. एडिथ क्रामर नावाची तरुण शिष्या त्यांच्या मदतीस होती. भेदरलेले मूल बोलत नाही, पण रंग हाती दिले तर हळूहळू मोकळे होते, हे या दोघींनी तेथे पाहिले. १९३६ मध्ये फ्रीडलबाईंचा विवाह पाव्हेल ब्रांडाइस यांच्याशी झाला. त्यांना स्वतःचे मूल व्हावे अशी फार इच्छा होती. ती पूर्ण झाली नाही. १९३८ मध्ये हे दांपत्य हरोनोव्ह या लहान गावी राहावयास गेले. पॅलेस्टाईनला जाण्याचा परवाना बाईंच्या हाती आला होता, पण पतीला सोडून जाणे त्यांनी नाकारले. पुढच्याच वर्षी तो देश नाझींच्या ताब्यात गेला. नोकरी गेली, घर आकसत गेले, आणि अखेर डिसेंबर १९४२ मध्ये तेरेझिनला नेण्याचा हुकूम आला.

वाचकहो, तेरेझिन हे प्रागच्या उत्तरेस सुमारे ६० किलोमीटरवर असलेले जुने किल्ल्याचे गाव. १९४१ च्या अखेरीस नाझींनी तेथे यहूद्यांना कोंडावयास आरंभ केला. युद्ध संपेपर्यंत १,४०,००० हून अधिक माणसे तेथे आणण्यात आली. सुमारे ३३,००० तेथेच भुकेने व रोगराईने मेली, आणि सुमारे ८८,००० जणांना पुढे पूर्वेकडील मृत्यूच्या छावण्यांत पाठविण्यात आले. हे ज्या भूमीवर घडले, ती शतकानुशतके स्वतःला ख्रिस्ती म्हणवीत आली होती, हे आपण ख्रिस्ती वाचकांनी विसरून चालणार नाही.

प्रत्येकाला ५० किलो सामान नेता येत असे. लोक गरम कपडे, भांडी, टिकाऊ खाद्य बांधीत. फ्रीडलबाईंनी मुलांसाठी कागद आणि रंग बांधले. चादरी त्यांनी हिरव्या रंगविल्या, कारण मुलांच्या नाटकात त्या अंगावर घेतल्या की अरण्य तयार होईल. पुढे काय वाढून ठेवले आहे हे नीट ठाऊक नसताना या बाईंनी एवढे मात्र गृहीत धरले की, तेथे मुले असणार आणि मुलांना खेळावयाचे असणार.

छावणीत मुलांना शाळा शिकविण्यास बंदी होती. गाणे, खेळ, चित्रे यांना मात्र मुभा होती. एल ४१० क्रमांकाच्या इमारतीत मुलींचे घर होते. बाई तेथेच राहिल्या आणि शिकवू लागल्या. सामान लवकरच संपले. मग कचेरीतील छापील अर्जांची कोरी बाजू, बांधणीचे जाडे कागद, रद्दीचे तुकडे असे मिळेल ते वापरून वर्ग चालला. रद्दी फाडून व चिकटवून मुलांनी सुंदर चित्रे केली. वर्गाची सुरुवात हाताच्या हालचालींनी होई. बाई आवाजाच्या चढउतारातून एखादी लय सांगत आणि मुले झरझर रेषा ओढीत. मन सैल झाले की मग चित्र. घर, बाग, फुले, फुलपाखरे, वल्हांडणाचे भोजन मुलांनी आठवणीतून काढले. तीनमजली फळ्यांची बिछाने, जेवणाची रांग, पहारेकरीही काहींनी काढले. काय काढावे याची सक्ती नव्हती. चित्र पुरे झाले की खाली नाव मात्र लिहावयाचे.

१९४३ मध्ये त्यांनी छावणीत मुलांच्या चित्रांचे प्रदर्शन भरविले आणि तेथील शिक्षकांपुढे व्याख्यान दिले. त्यांच्या प्रतिपादनाचा सारांश असा की, सगळ्या मुलांना चित्रकार करणे हा चित्रकलेच्या तासाचा हेतू नाही. मुलाच्या ठायी जी निर्मितीची शक्ती आहे ती मोकळी व्हावी, त्याला स्वतः पाहता यावे आणि सवंगड्यांबरोबर काम करता यावे, एवढ्यासाठी तो तास असतो. मोठ्यांनी आपली सौंदर्याची कल्पना घाईने मुलावर लादली, तर मूल स्वतःचे जग गमावते.

त्याच छावणीत रंगांचा आणखी एक उपयोग झाला. २३ जून १९४४ रोजी रेडक्रॉसचे पाहुणे तेरेझिन पाहावयास येणार होते. नाझींनी घरे रंगवून घेतली, बागा लावल्या, मुलांसाठी खेळाचे मैदान उभे केले. गर्दी दिसू नये म्हणून आधीच्याच महिन्यात सुमारे ७,५०० माणसांना ऑशविट्झला पाठविण्यात आले. पाहुणे फसले. एकाच गावात एकीकडे रंग खोटे झाकण्यासाठी वापरले गेले, आणि दुसरीकडे एका माळ्यावरच्या खोलीत एक बाई मुलांना जे दिसते व जे आठवते ते प्रामाणिकपणे काढावयास शिकवीत होत्या.

२८ सप्टेंबर १९४४ रोजी पाव्हेल यांना ऑशविट्झच्या गाडीत चढविण्यात आले. फ्रीडलबाईंनी पतीच्या मागे जाण्यासाठी पुढच्या गाडीत आपले नाव स्वतःहून घातले. जाण्यापूर्वी त्यांनी मुलांची सुमारे ४,५०० चित्रे दोन पेट्यांत भरून मुलींच्या घरात मागे ठेवली. ६ ऑक्टोबरला गाडी निघाली. तीत त्यांच्या विद्यार्थिनीही होत्या. ९ ऑक्टोबर १९४४ रोजी ऑशविट्झ-बिर्केनाउ येथे त्यांना ठार मारण्यात आले. त्या ४६ वर्षांच्या होत्या. ज्यांच्यासाठी त्या गेल्या ते पाव्हेल मात्र युद्धातून वाचले.

१९४५ मध्ये मुलींच्या घराचे प्रमुख विली ग्रोग यांनी त्या पेट्या प्रागच्या यहूदी समाजाच्या हवाली केल्या. ही चित्रे आज प्रागच्या यहूदी संग्रहालयात जपली आहेत, आणि त्यांतील काही पिंकास सभास्थानात पाहावयास मिळतात. त्या सभास्थानाच्या भिंतींवर नाझींनी मारलेल्या पाऊण लाखाहून अधिक यहूद्यांची नावे लिहिलेली आहेत. एडिथ क्रामर १९३८ मध्ये अमेरिकेत पोहोचल्या होत्या. गुरूकडून जे शिकल्या ते त्यांनी न्यूयॉर्कमधील दुखावलेल्या मुलांसाठी वापरले, आणि त्यातून कलेद्वारे उपचार करण्याचे शास्त्र आकारास आले. त्यांचे निधन २०१४ मध्ये झाले.

कोणी विचारील, ज्या मुलांना थोड्याच दिवसांत मारले जाणार होते त्यांना चित्रकला शिकवून काय साधले? त्यांतील बहुतेक मुले वाचली नाहीत, हे खरेच आहे. चित्रकलेने कोणाची गाडी थांबली नाही. पण मुलाचा आजचा दिवस हा केवळ त्याच्या उद्याची तयारी नसतो. तो दिवसही त्याचा असतो. तेरेझिनमधील तो एक तास त्या मुलांचा होता, आणि तो कोणालाही परत घेता आला नाही.

म्हणून, वाचकहो, आपल्या मंडळीत, आपल्या वसतिगृहात किंवा वस्तीतल्या बालवर्गात मुलांपुढे छापील चित्र ठेवून ते रेषेबाहेर न जाता रंगवावयास सांगण्याआधी क्षणभर थांबा. एक कोरा कागद द्या. कोरा नसेल तर एका बाजूने वापरलेला चालेल. फ्रीडलबाईंना तेवढाच मिळत होता. मुलाला त्याच्या मनातले काढू द्या, घाई करू नका, आणि शेवटी त्याच्याच हाताने त्याचे नाव लिहून घ्या.

प्रागच्या त्या चित्रांपैकी पुष्कळांच्या कोपऱ्यात अशीच नावे आहेत. कित्येक मुलांचे त्यांच्या स्वतःच्या हातचे तेवढेच उरले आहे.