न्यायाधीश बिहारीलाल गुप्ता

बिहारीलाल गुप्ता यांचा जन्म १८४९ साली बंगालमध्ये झाला. १८६८ मध्ये रमेशचंद्र दत्त व सुरेंद्रनाथ बॅनर्जी या मित्रांसह ते इंग्लंडला गेले आणि पुढील वर्षी सनदी सेवेची परीक्षा उत्तीर्ण झाले. परतल्यावर कलकत्त्यात प्रेसिडेन्सी मॅजिस्ट्रेट या नात्याने त्यांना युरोपीय आरोपींचेही खटले चालविता येत. मात्र १८७२ च्या फौजदारी कायद्यातील बंधनामुळे जिल्ह्यांत भारतीय न्यायाधीशास हा अधिकार नव्हता. म्हणजे बढती होऊन जिल्ह्यात गेले, की पद वाढे आणि अधिकार घटे! १८८२ मध्ये ही विसंगती त्यांनी सरकारपुढे लेखी मांडली. त्या टिपणामुळे १८८३ मध्ये इल्बर्ट विधेयक आले आणि निळीचे व चहाचे युरोपीय मळेवाले खवळून उठले. अखेर जानेवारी १८८४ मध्ये तडजोड झाली. भारतीय जिल्हा दंडाधिकारी व सत्र न्यायाधीश यांना अधिकार मिळाला. परंतु किमान निम्मे पंच युरोपीय वा अमेरिकन असलेली ज्युरी मागण्याची मुभा युरोपीय आरोपीस राहिली. भारतीय आरोपीला जिल्हा दंडाधिकाऱ्यापुढे ज्युरी मागण्याचा हक्कच नव्हता. गुप्ता पुढे कलकत्ता उच्च न्यायालयात न्यायाधीश व नंतर बडोदा संस्थानाचे दिवाण झाले. १९१६ साली त्यांचे निधन झाले.