थांबलेल्या गाडीचा कवी : एडवर्ड थॉमस

आगगाडीची कविता म्हटली की चाकांचा खडखडाट आणि मागे पळणारी झाडे डोळ्यांपुढे येतात. एडवर्ड थॉमस या इंग्रजी कवीची 'ॲडलस्ट्रॉप' ही कविता मात्र थांबलेल्या गाडीची आहे. ती नीट कळण्यासाठी त्याचे आयुष्य पाहावे लागते.

थॉमसचा जन्म ३ मार्च १८७८ रोजी लंडनमध्ये, एका वेल्श कुटुंबात झाला. ऑक्सफर्डला शिकत असतानाच, १८९९ मध्ये, त्याने हेलन नोबल हिच्याशी विवाह केला. पुढे पत्नी व तीन मुले यांच्या उदरनिर्वाहासाठी तो परीक्षणे, प्रवासवर्णने, चरित्रे असे मिळेल ते लिहीत राहिला. या वेठबिगारीने तो थकून गेला. नैराश्याने त्याला वारंवार ग्रासले. १९१३ मध्ये अमेरिकन कवी रॉबर्ट फ्रॉस्ट याच्याशी त्याची ओळख झाली. थॉमसच्या गद्यातच कविता दडलेली आहे, हे फ्रॉस्टने त्याला पटवून दिले. डिसेंबर १९१४ मध्ये, वयाच्या ३६ व्या वर्षी, तो कविता लिहू लागला.

त्याआधी २४ जून १९१४ रोजी त्याची गाडी ग्लॉस्टरशायरमधील ॲडलस्ट्रॉप या लहानशा स्थानकावर थांबली होती. त्याने वहीत टिपणे केली. त्यांतूनच जानेवारी १९१५ मध्ये ही कविता झाली. तिच्यातील प्रतिमांना आपण दृश्यप्रतिमा, नादप्रतिमा अशी नावे देऊन मोकळे होतो. पण खरे महत्त्व त्यांच्या क्रमाला आहे. आरंभी केवळ स्थानकाचे नाव. मग वाफेचा फूत्कार, कुणाचे तरी खाकरणे, आणि फलाटावर चिटपाखरू नाही. नंतर नजर बाहेर जाते : झाडे, रानफुले, वाळत्या गवताचे ढीग, आभाळातले ढग. शेवटी एका पक्ष्याचे गाणे, आणि त्यामागे दोन परगण्यांतले सारे पक्षी. शांतता असल्यामुळेच इतके दूरचे ऐकू येते.

ती शांतता फार टिकली नाही. ४ ऑगस्ट १९१४ रोजी ब्रिटन महायुद्धात उतरले. कवितेत युद्धाचा उल्लेखही नाही. पण ती युद्धकाळात लिहिली आहे हे कळल्यावर तो रिकामा फलाट वेगळाच भासतो.

वय ३७, पदरी संसार. तरीही जुलै १९१५ मध्ये थॉमस स्वेच्छेने सैन्यात गेला. ९ एप्रिल १९१७ रोजी फ्रान्समध्ये, आरासच्या लढाईत, तो मारला गेला. त्याच महिन्यात ही कविता प्रथम छापून आली. १९६६ मध्ये ते स्थानकही बंद झाले. त्याच्या नावाची पाटी मात्र गावातल्या बसथांब्याच्या निवाऱ्यात जपून ठेवली आहे.