मोकळीक आणि मर्यादा : ताराबाई मोडक



आम्ही घरभेटीला येतो तेव्हा एक तक्रार हमखास ऐकतो : मुले ऐकत नाहीत. काही घरांत त्यावर मार हा उपाय असतो, तर काही घरांत हट्ट पुरवून मुलाला गप्प केले जाते. या दोहोंपेक्षा वेगळी वाट आपल्या ठाणे जिल्ह्यात एका बाईंनी चालून दाखवली. त्या म्हणजे ताराबाई मोडक.

त्यांचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत, प्रार्थना समाजाच्या केळकर कुटुंबात झाला. १९१४ साली त्या पदवीधर झाल्या. त्यांचा संसार फार काळ टिकला नाही. राजकोटला नोकरी केल्यावर त्या भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात आल्या. मारिया मॉन्टेसरी या इटलीतील कॅथलिक डॉक्टरबाईंनी १९०७ साली रोमच्या गरीब वस्तीत जी पद्धत सुरू केली, तीच तेथे चाले. १९२६ साली या दोघांनी नूतन बालशिक्षण संघ स्थापला.

या पद्धतीत मुलाला काम निवडण्याची मोकळीक असते, पण मर्यादाही ठाम असते. साधन दुसऱ्याच्या हातात असेल तर थांबायचे, ओढायचे नाही. काम झाले की ते जागेवर ठेवायचे. मात्र ती जागा मुलाच्या हाताला पोहोचेल अशीच असते. मार नाही आणि बक्षिसाचे आमिषही नाही. स्वातंत्र्य आणि स्वैराचार यांतला फरक आम्ही सेमिनरीत मोठमोठ्या ग्रंथांतून शिकलो. तोच फरक तीन वर्षांचे मूल येथे ठोकळ्यांशी खेळता खेळता शिकते.

१९४५ साली ताराबाई बोर्डीला गेल्या. हे गाव तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते, आता पालघरमध्ये आहे. वाड्यापाड्यांवरची बरीच मुले बालवाडीत येईनात. कोणी गुरे राखी, कोणी धाकटी भावंडे सांभाळी. ताराबाईंनी नियम कडक करण्याऐवजी शाळाच मुलांकडे नेली. अंगणात अंगणवाडी भरली, गुरांमागे कुरणशाळा गेली. पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकत्र आणून विकासवाडी उभी राहिली. पुढे कोसबाडच्या टेकडीवर हे काम वाढले. अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. १९६२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. १९७३ साली त्यांचे निधन झाले. अंगणवाडी हा शब्द मात्र आज देशभर रुजला आहे.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरला आपली घरे लहान. कित्येक आईवडील सकाळची लोकल पकडून जातात ते रात्रीच परततात. थकल्या जिवाचा नियम रोज बदलतो. काल चालले ते आज चालत नाही. मग मुलाला नियम कळतच नाही, फक्त आपला राग कळतो. म्हणून नियम तीन-चारच असावेत, पण रोज तेच असावेत. दप्तर जागेवर हवे असेल तर खुंटी मुलाच्या उंचीवर ठोका. जेवताना मोबाईल नको असेल तर तो पप्पांच्या हातातही नको. आईने नाही म्हटलेले आजीने गुपचूप देऊ नये. मूल रडले तर त्याला जवळ घ्यावे, पण नियम सोडू नये.

या आठवड्यात संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर पाच मिनिटे एकत्र बसा आणि आपल्या घरचे तीन नियम ठरवा. ते मोठ्यांनाही पाळता येतील असेच निवडा.

आपले धर्मगुरू