शेअर बाजाराचा सल्ला देणारं बाबासाहेबांचं ऑफिस का बंद पडलं?

पैसे कुठे गुंतवायचे हे विचारायला आपण कुणाकडे जातो? ज्याने त्या विषयाचा अभ्यास केलाय, ज्याच्याकडे डिग्री आहे, त्याच्याकडे. निदान तसं आपण म्हणतो तरी.

शंभरेक वर्षांपूर्वी मुंबईत अशाच एका माणसाने शेअर्सचे व्यवहार करणाऱ्यांना सल्ला देणारी फर्म काढली होती. अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठाची अर्थशास्त्रातली एमए त्याच्याकडे होती आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधलं शिक्षण अर्धं झालं होतं. सुरुवातीला लोक आलेही. पण सल्ला देणारा माणूस अस्पृश्य आहे हे कळल्यावर गिऱ्हाईकं यायची थांबली आणि फर्म बंद पडली.

तो माणूस म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

राज्यघटना, चवदार तळं, धम्मदीक्षा हे आपल्याला माहीत असतं. पण बाबासाहेबांचं मूळ शिक्षण पैशाच्या शास्त्रातलं होतं आणि ते पुरं करायला त्यांना पै-पैचा हिशेब करावा लागला होता. ही गोष्ट त्याची.

साडेअकरा पौंडांची स्कॉलरशिप

१९१२ साली भीमराव एल्फिन्स्टन कॉलेजमधून बीए झाले. विषय होते अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र. १९१३ च्या फेब्रुवारीत वडील रामजी सुभेदार गेले आणि घराची जबाबदारी अंगावर आली.

त्याच वर्षी बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी त्यांना परदेशी शिक्षणासाठी स्कॉलरशिप दिली, महिन्याला साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. अट एकच होती, शिकून आल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानात नोकरी करायची.

जुलै १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कला पोहोचले. कोलंबियात त्यांनी अर्थशास्त्राचे तब्बल २९ कोर्स केले. १९१५ साली एमए झाले, तेव्हाचा त्यांचा प्रबंध ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावर आणि वित्तव्यवस्थेवर होता. सरकार पैसा कुठून गोळा करतं, तो कुणावर खर्च होतो आणि त्याचा भार कुणाच्या डोक्यावर पडतो, हा प्रश्न तेव्हापासूनच त्यांच्या अभ्यासात होता.

१९१६ मध्ये ते लंडनला गेले. पण १९१७ साली स्कॉलरशिपची मुदत संपली आणि शिक्षण अर्धवट टाकून परतावं लागलं. पहिलं महायुद्ध चालू होतं. त्यांचं सामान आणि पुस्तकं ज्या जहाजावर होती, ते जहाज पाणतीराच्या हल्ल्यात बुडालं.

बडोद्यात राहायला खोली नाही

करारानुसार ते बडोद्यात रुजू झाले. पुढे त्यांना संस्थानाचं अर्थमंत्री करावं असा सयाजीरावांचा विचार होता. पण ऑफिसातले शिपाई विटाळ होईल म्हणून फायली लांबून टेबलावर टाकायचे. शहरात कुणी खोली देईना. शेवटी ते पारशी नाव सांगून एका पारशी धर्मशाळेत राहिले. काही दिवसांत ते उघड झालं आणि काठ्या घेतलेले लोक दारात आले. बाबासाहेबांना बाहेर पडावं लागलं. त्या दिवशी कितीतरी वेळ ते बडोद्याच्या बागेत बसून होते.

नोकरी सोडून ते मुंबईला आले. पोटासाठी शिकवण्या घेतल्या आणि मग ती सल्ल्याची फर्म काढली. तिचं काय झालं ते वर आलंच आहे.

आर्थिक सल्ला हा विश्वासावर चालणारा धंदा आहे. इथे अडचण सल्ल्याची नव्हतीच. सल्ला तोच होता, देणाऱ्याची जात कळली एवढाच काय तो फरक.

साडेचारशे पगार आणि लंडनची तयारी

नोव्हेंबर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात ते अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. पगार महिन्याला ४५० रुपये. त्यांच्या वर्गाला विद्यार्थी गर्दी करायचे. पण प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या माठातलं पाणी त्यांनी पिऊ नये, असा आक्षेप काही सहकाऱ्यांनी घेतला.

त्यांच्या डोक्यात मात्र लंडनची अर्धवट राहिलेली डिग्री होती. पगारातून त्यांनी पैसे साठवले. रमाबाईंनी थोडक्या रकमेत घर चालवलं. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली. उरलेल्यासाठी नवल भथेना या मित्राने पाच हजार रुपये उसने दिले. भथेना हे कोलंबियातले मित्र आणि पारशी. बडोद्यात काठ्या घेऊन आलेलेही पारशीच होते, हे मुद्दाम लक्षात ठेवायला हवं.

जुलै १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला निघाले. तिथला दिवस लायब्ररीत जायचा. दुपारच्या जेवणाला बहुतेक वेळा फाटा. रात्री भूक लागली की ओळखीच्या माणसाने दिलेल्या डब्यातले पापड भाजून खायचे आणि पुन्हा वाचायला बसायचं. १९२१ साली त्यांनी एमएससी पूर्ण केली.

रुपयाचा प्रश्न नेमका काय होता?

त्यांच्या डीएससीच्या प्रबंधाचा विषय होता रुपयाचा प्रश्न. सोप्या भाषेत तो असा.

रुपया चांदीचा होता आणि ब्रिटिश पौंड सोन्याशी बांधलेला. १८७० च्या दशकापासून चांदीची किंमत घसरत गेली, तसा रुपयाही घसरला. १८९३ मध्ये सरकारने लोकांच्या चांदीचे रुपये पाडून देणं बंद केलं. पुढे १५ रुपयांना एक पौंड असा दर ठरला. किती रुपये पाडायचे, हे आता सरकारच्या हातात गेलं.

जॉन मेनार्ड केन्ससारख्या अर्थतज्ज्ञाने या व्यवस्थेचं समर्थन केलं होतं. बाबासाहेबांनी विरोध केला. सरकारला हवे तेवढे रुपये काढता आले तर महागाई वाढते आणि मजुरी तेवढ्या वेगाने वाढत नसल्याने गरिबाला जास्त झळ बसते. म्हणून रुपये काढण्यावर पक्की मर्यादा हवी आणि बाजारात रुपयाची खरेदीची ताकद टिकायला हवी, असं त्यांचं म्हणणं होतं.

ऑक्टोबर १९२२ मध्ये प्रबंध दिला. परीक्षकांनी तो फेरमांडणीसाठी परत पाठवला. पैसे संपत आल्याने बाबासाहेब मुंबईला परतले, इथे बसून त्यांनी बदल केले, पण निष्कर्ष सोडले नाहीत. नोव्हेंबर १९२३ मध्ये प्रबंध स्वीकारला गेला आणि लगेच त्याचं पुस्तकही आलं. ते त्यांनी आईवडिलांच्या स्मृतीला अर्पण केलं. कोलंबियाची पीएचडी रीतसर मिळाली ती १९२७ साली.

मग रिझर्व्ह बँक बाबासाहेबांनी काढली का?

सोशल मीडियावर हा दावा फिरत असतो. झालं असं की, भारताच्या चलनाचा विचार करायला नेमलेल्या हिल्टन यंग आयोगासमोर डिसेंबर १९२५ मध्ये बाबासाहेबांनी साक्ष दिली. मध्यवर्ती बँक काढावी अशी शिफारस या आयोगाने केली, १९३४ मध्ये कायदा झाला आणि १ एप्रिल १९३५ ला रिझर्व्ह बँक सुरू झाली. म्हणजे त्या चर्चेत त्यांचं काम महत्त्वाचं होतं, पण बँक एकट्याने काढली असं म्हणणं बरोबर नाही. त्यांचं मोठेपण सांगायला अशा दाव्याची गरजही नाही.

फर्म बंद पडल्यानंतर

१९२५ ते १९२८ या काळात बाबासाहेब मुंबईतल्या एका अकाउंटन्सी प्रशिक्षण संस्थेत व्यापारी कायदा शिकवत होते. १९४५ मध्ये त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. याच संस्थेने पुढे मुंबईत सिद्धार्थ कॉलेज ऑफ कॉमर्स अँड इकॉनॉमिक्स सुरू केलं.

ज्या शहरात त्यांच्याकडून पैशाचा सल्ला घ्यायला लोक कचरले, त्याच शहरात त्यांच्या संस्थेच्या कॉलेजातून आजही मुलं पैशाचा हिशेब शिकून बाहेर पडतात.