मागता न आलेली भाकर

पंडिता रमाबाईंचे चरित्र आपल्या मंडळ्यांना नवे नाही. शब्बाथ शाळेत मुले त्यांचे नाव ऐकतात, केडगावचे मुक्ती मिशन पुष्कळांनी डोळ्यांनी पाहिलेले असते. परंतु त्यांची विद्वत्ता, त्यांचे शास्त्राचे भाषांतर व मुक्तीतील जागृती यांविषयीच आपण अधिक बोलतो. ही बाई एकेकाळी स्वतः उपाशी मूल होती, आणि पुढे परदेशांतील व स्वदेशातील दीनदुबळ्यांना पाहावयास गेली, ती बाजू मागे राहते. येथे तेवढीच सांगावयाची आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी, आजच्या कर्नाटकातील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले म्हणून लोकांचा रोष ओढवून घेतला होता. पुढे जवळची मालमत्ता संपली आणि हे कुटुंब तीर्थक्षेत्रे हिंडू लागले. देवळात पुराण सांगावे, लोक जे देतील त्यावर राहावे, असा क्रम. रमाबाई आईकडून संस्कृत शिकल्या, त्या अशाच प्रवासात.

१८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. ज्यांना स्वतःलाच खावयास नाही ते पुराणिकाला काय देणार? दागिने गेले, भांडी गेली. अंगमेहनतीचे काम या घराला ठाऊक नव्हते आणि भीक मागणे तर कुलाला बट्टा. अखेर तांदळाचा शेवटचा दाणा संपल्यावर ही माणसे रानात शिरली आणि कित्येक दिवस झाडपाला व रानफळे खाऊन राहिली. अनंतशास्त्री तोवर आंधळे झाले होते. त्यांनी जलसमाधी घेण्याचे ठरवले होते. मुलगा श्रीनिवास याने कोणतेही काम करीन असे म्हणून त्यांना थांबवले, पण लवकरच ते वारले.

त्यानंतर आई आजारी पडली. तापाच्या ग्लानीत ती खावयास मागत होती. सोळा वर्षांची रमा शेजारच्या एका ब्राह्मण बाईच्या दारी गेली आणि उभीच राहिली. तोंडातून शब्द फुटेना. वेदविद्येच्या घरातली मुलगी, तिने भाकर मागायची कशी? मोठ्या कष्टाने तिने बाजरीच्या भाकरीचा तुकडा मागितला. त्या बाईने तो आनंदाने दिला. रमा तो घेऊन आली, पण आईला आता गिळण्याचीही शक्ती उरली नव्हती. आई गेली, आणि पुढे थोरली बहीण कृष्णाबाईही गेली.

शिक्षक बंधुभगिनींनी ही हकिकत वर्गात सांगताना घाई करू नये. उपाशी मूल आपणांस दिसते, पण त्याच्या तोंडून शब्द का फुटत नाही हे दिसत नाही. रमाबाईंना ते आयुष्यभर ठाऊक राहिले.

उरलेली भावंडे उत्तरेपर्यंत पायी फिरली. सुमारे साडेसहा हजार किलोमीटर. झेलमच्या काठी थंडीत पांघरूण नव्हते, तेव्हा वाळूत खड्डे खणून वर कोरडी वाळू ओढून ती झोपली. १८७८ साली ती कलकत्त्यास पोचली. तेथील शास्त्रीमंडळीने या तरुणीची परीक्षा घेऊन तिला पंडिता व सरस्वती म्हणून गौरवले. १८८० मध्ये श्रीनिवास वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह केला. १८८१ मध्ये मनोरमा झाली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत कॉलऱ्याने पतीही गेले. कडेवर लहान मूल घेऊन त्या पुण्यास आल्या.

१८८३ मध्ये रमाबाई इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथील सेंट मेरीच्या भगिनींकडे त्या राहिल्या आणि तेथेच २९ सप्टेंबर रोजी त्यांचा व मनोरमाचा बाप्तिस्मा झाला. या भगिनींनी त्यांना लंडनजवळच्या फुलहॅम येथील आपल्या शाखेत काही दिवस पाठवले होते. वाट चुकलेल्या, समाजाने टाकलेल्या स्त्रियांची सेवा तेथे चाले. हिंदुस्थानातून गेलेल्या विधवेला इंग्लंडच्या वैभवाऐवजी तेथील दैन्य दाखवण्यात आले. भगिनी त्या स्त्रियांशी कशा बोलतात, कशा जेवतात, किती प्रेमाने वागतात हे रमाबाईंनी पाहिले, आणि असे का करता, असे त्यांना विचारले. उत्तरादाखल योहानकृत शुभवर्तमानाचा चौथा अध्याय वाचून दाखवण्यात आला. शोमरोनी स्त्रीशी प्रभू विहिरीपाशी कसा बोलला ते रमाबाईंनी तेव्हा ऐकले. ख्रिस्ताकडे आपले मन त्या वेळी वळले, असे त्यांनी पुढे आपल्या साक्षीत नमूद केले आहे.

गरिबांना पाहावयास गेलेल्या या बाईला तेथे कोणी व्याख्यान द्यावयास सांगितले नाही. ती पाहत होती आणि विचारत होती. हल्ली आपल्यातील काही मंडळ्यांत वस्त्यांना भेटी देण्याचे कार्यक्रम होतात, परदेशी राहणारे आपले नातेवाईकही तिकडच्या मंडळीचा गट घेऊन इकडे येतात. बिस्किटांचे पुडे वाटून, मुलांना रांगेत उभे करून फोटो काढून दुपारच्या आत सगळे परततात. अशा वेळी फुलहॅमची आठवण येते.

१८८६ साली आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या, त्या समारंभासाठी रमाबाई फिलाडेल्फियास गेल्या आणि पावणेतीन वर्षे अमेरिकेत राहिल्या. त्या प्रवासावर त्यांनी १८८९ मध्ये मराठीत मोठे पुस्तक लिहिले. त्यात तिकडील धर्मपंथ व धर्मादाय कामे यांवर प्रकरण आहे. कौतुक पुष्कळ आहे, पण गोऱ्यांनी काळ्या लोकांशी व मूळ रहिवाशांशी जे वर्तन केले त्याविषयी बाईंची लेखणी कठोर आहे. फिलाडेल्फियात त्यांनी बालोद्यान पद्धतीचे शिक्षण घेतले. म्हणजे पाहुणी म्हणून गेलेली बाई तेथे विद्यार्थिनी होऊन बसली.

मदत मागण्याची त्यांची तऱ्हाही ध्यानात घेण्याजोगी आहे. एकदा ऐकून डोळे पुसावे आणि टोपीत नाणे टाकावे, एवढ्यावर त्या समाधान मानणाऱ्या नव्हत्या. १८८७ च्या डिसेंबरात बॉस्टनला स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षे मदत देण्याचे वचन दिले आणि गावोगावी मंडळे निघाली. त्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. पुढच्या वर्षी ते पुण्यास आले. ते मुख्यत्वे उच्चवर्णीय विधवांसाठी होते.

मग १८९६ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतातील बातम्या वाचून रमाबाईंना आपले जुने दिवस आठवले. जवळ पैसा नव्हता, असोसिएशनचे पैसे या कामासाठी नव्हते. तरी त्या स्वतः निघाल्या आणि दुष्काळी छावण्या व गरीबखाने पाहत फिरल्या. जेथे आसरा म्हणून मुलींना ठेवले होते तेथेच त्यांची अब्रू सुरक्षित नव्हती, आणि मुलींना फूस लावून नेणारे लोक आसपास टपलेले होते, हे त्यांनी उघडपणे लिहिले. सरकारी माणसांना ते रुचणारे नव्हते. तीनशे मुली वाचवायच्या असे मनाशी ठरवून त्या कामाला लागल्या. पुण्यात प्लेगचे दिवस, नव्या मुलींना शहरात ठेवण्यास मनाई झाली. तेव्हा केडगावला घेतलेल्या शेतावर तंबू व झोपड्या उभारून मुलींना तेथे नेले. मुक्ती सदन उभे राहिले ते असे. या मुली सर्व जातींच्या होत्या. काही इतक्या खंगल्या होत्या की त्या जगल्या नाहीत.

आम्ही अकोट्याला राहणाऱ्यांना त्यानंतरचा दुष्काळ जवळचा. विक्रम संवत १९५६ चा, म्हणून गुजरातीत त्याला छप्पनियो म्हणतात. सयाजीराव महाराजांनी पुष्कळ कामे काढली, तरी १८९१ साली २४ लाख १५ हजारांवर असलेली बडोदे संस्थानची वस्ती १९०१ च्या शिरगणतीत साडेएकोणीस लाखांवर आली. दुष्काळाबरोबर कॉलरा आला होता. १९०० साली न्यूयॉर्कच्या ख्रिश्चन हेरल्ड पत्राचे लुई क्लॉप्श दुष्काळी भाग पाहावयास आले. त्यांच्या पत्राने अमेरिकेत पैसा जमवला, मक्याने भरलेले जहाज मुंबईस आले, अनाथ मुलांच्या पोटापाण्याची सोय झाली. हाडांचे सापळे झालेल्या मुलांची छायाचित्रे त्या काळच्या मिशनरी पत्रांत छापली जात. आज ती पाहवत नाहीत. त्या मुलांना कोणी विचारले नव्हते. तरी त्या छायाचित्रांमुळेच धान्य आले, हेही नाकारता येत नाही.

रमाबाईंनी या वेळी आपल्या घरच्या कार्यकर्त्या गुजरातेत पाठवल्या. तेथील शेकडो मुली केडगावला पोचल्या आणि मुक्तीतील संख्या एकोणीसशेच्या आसपास गेली. मराठी मुलखात, मराठी ताटात, गुजराती बोलणाऱ्या मुली! त्यांना आधी धीर द्यायचा, मग अक्षरे शिकवायची. दळण, स्वयंपाक, विणकाम, शेती, तेलाचा घाणा, छापखाना, प्रत्येकीच्या हाताला काम. काम ठाऊक नसल्यामुळे डोंगरे घराण्याचे काय झाले ते बाई विसरल्या नव्हत्या. आंधळ्या मुलींसाठी बार्तिमी सदन निघाले. मनोरमाबाई अमेरिकेत ब्रेल शिकून आल्या होत्या, त्यांनी त्या मुलींना बोटांनी वाचावयास शिकवले.

दुष्काळात मुले घेऊन ती ख्रिस्ती केली, हा आरोप तेव्हाही झाला, आजही होतो. त्याला रागावून उत्तर देणे सोपे आहे. पण भुकेल्या मुलाच्या होकाराला किती वजन द्यावे, हा प्रश्न खोटा नाही, आणि तो ख्रिस्ती माणसाने स्वतःलाच विचारला पाहिजे. रमाबाईंनी मुक्ती हे ख्रिस्ती घर आहे हे कधी लपवले नाही. आलेल्या मुलीला वर्षानुवर्षे सांभाळून शिकवले, हेही तितकेच खरे.

१९०५ च्या जागृतीनंतर परदेशी पाहुण्यांची केडगावला रीघ लागली. काही पाहून गेले, काही राहिले. मेथोडिस्ट डिकनेस मिनी एब्रम्स तर जागृतीच्या आधीपासूनच मुक्तीत काम करीत होत्या. बाई स्वतः पांढऱ्या लुगड्यात, शाकाहारी जेवणावर, मुलींमध्येच असत.

शेवटची वर्षे मूळ हिब्रू व ग्रीकवरून शास्त्राचे साध्या मराठीत भाषांतर करण्यात गेली. गावातल्या अडाणी बाईलाही समजावे एवढाच हेतू. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमा वारली, तरी काम थांबले नाही. भाषांतर पुरे करून ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई प्रभूजवळ गेल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडला. त्याचे खिळे मुक्तीच्या मुलींनी जुळवले होते.