एसा ग्रे

एसा ग्रे (१८ नोव्हेंबर, १८१० - ३० जानेवारी, १८८८) हे एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ होते. उत्तर अमेरिकेतील वनस्पतींचे शास्त्रशुद्ध वर्गीकरण ही त्यांची आयुष्यभराची कामगिरी होय. तथापि विज्ञानाच्या इतिहासात त्यांचे नाव मुख्यतः चार्ल्स डार्विन यांचे अमेरिकेतील सर्वांत समर्थ पाठीराखे म्हणून घेतले जाते. ग्रे श्रद्धावान ख्रिस्ती होते. नैसर्गिक निवडीचा सिद्धान्त स्वीकारल्याने ईश्वरी योजनेवरील विश्वास सोडावा लागत नाही, ही भूमिका त्यांनी अखेरपर्यंत मांडली. नेमक्या याच मुद्द्यावर खुद्द डार्विन त्यांच्याशी सहमत होऊ शकले नाहीत.

जन्म व शिक्षण

ग्रे यांचा जन्म न्यूयॉर्क राज्यातील सॉक्वॉइट या खेड्यात झाला. वडील चामडे कमावण्याचा व्यवसाय करीत. फेअरफील्ड येथे शिकत असताना एडिंबरा विश्वकोशातील वनस्पतिशास्त्रावरील लेख त्यांच्या वाचनात आला आणि पुढच्या वसंत ऋतूत त्यांनी पुस्तकाच्या आधारे आपले पहिले रानफूल ओळखले. १८३१ साली त्यांनी वैद्यकाची पदवी मिळवली. वैद्यकी मात्र फार काळ केली नाही. न्यूयॉर्कमधील वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन टॉरी यांच्याशी परिचय झाल्यावर त्यांच्या आयुष्याची दिशा ठरली. टॉरी यांच्या सहवासात त्यांना शास्त्राची शिस्त लाभली, तशीच प्रेस्बिटेरियन पंथाची निष्ठाही. दोघांनी मिळून उत्तर अमेरिकेच्या वनस्पतींवरील बृहद्‌ग्रंथ हाती घेतला. त्याचे भाग १८३८ ते १८४३ या काळात प्रसिद्ध झाले.

हार्वर्डमधील कार्य

१८४२ मध्ये ग्रे हार्वर्ड विद्यापीठात निसर्गेतिहासाचे प्राध्यापक झाले. १८४८ साली त्यांनी उत्तरेकडील राज्यांतील वनस्पती ओळखण्यासाठी एक हस्तपुस्तिका प्रसिद्ध केली. पुढे तिच्या अनेक आवृत्त्या निघाल्या आणि ती अमेरिकेतील वनस्पती अभ्यासकांच्या पिढ्यांच्या हाती राहिली. पश्चिमेकडे जाणाऱ्या सर्वेक्षण मोहिमांतून वाळवलेले नमुने त्यांच्याकडे येत. त्यांची ओळख पटवून ते नव्या जातींना नावे देत. १८६४ मध्ये त्यांनी सुमारे २ लाख नमुन्यांचा आपला संग्रह व ग्रंथसंग्रह विद्यापीठास देऊन टाकला.

आगासी यांच्याशी वाद

डार्विन व ग्रे यांचा नियमित पत्रव्यवहार १८५५ साली सुरू झाला. वनस्पतींच्या भौगोलिक वाटणीविषयी डार्विन यांना माहिती हवी होती आणि ग्रे यांच्याइतकी ती देऊ शकणारा माणूस अमेरिकेत दुसरा नव्हता. १८५७ मध्ये डार्विन यांनी त्यांना विश्वासात घेतले. त्या वर्षीच्या ५ सप्टेंबरच्या पत्रात त्यांनी नैसर्गिक निवडीच्या सिद्धान्ताचा संक्षिप्त आराखडा लिहून पाठवला. पुढील वर्षी आल्फ्रेड रसेल वॉलेस यांचा त्याच विषयावरील निबंध डार्विन यांच्या हाती पडला, तेव्हा या पत्राला अनपेक्षित महत्त्व आले. १ जुलै, १८५८ रोजी लंडनच्या लिनियन सोसायटीत वॉलेस यांच्या निबंधासोबत या पत्राचा भागही वाचला गेला. ही कल्पना डार्विन यांना आधीच सुचली होती, याचा तो पुरावा ठरला.

याच सुमारास ग्रे जपानमधून आलेल्या वनस्पतींचा अभ्यास करीत होते. त्यांच्या ध्यानात एक विलक्षण गोष्ट आली. जपानी वनस्पतींचे सर्वांत जवळचे आप्त जवळच्या पश्चिम अमेरिकेत नव्हे, तर खंडाच्या पार दुसऱ्या टोकाला, पूर्व अमेरिकेत आढळत होते. त्यांचे स्पष्टीकरण असे होते : एके काळी उत्तर गोलार्धात उत्तरेकडे सलग पसरलेली एकच वनश्री होती, हिमयुगात थंडीने ती दक्षिणेकडे रेटली गेली आणि दोन दूरच्या प्रदेशांत तिचे वंशज उरले. म्हणजे या जाती समान पूर्वजांपासून आल्या होत्या.

हा विचार हार्वर्डमधील त्यांचे सहकारी लुई आगासी यांच्या मताच्या थेट विरोधात जाणारा होता. आगासी हे त्या काळातील अमेरिकेचे सर्वांत लोकप्रिय निसर्गशास्त्रज्ञ. प्रत्येक जाती ईश्वराने आजच्या तिच्या प्रदेशातच स्वतंत्रपणे निर्माण केली, असे ते मानीत. १८५९ च्या आरंभी, डार्विन यांचा ग्रंथ प्रसिद्ध होण्याच्याही आधी, बॉस्टनमधील अमेरिकन अकादमीत दोघांचा सामना झाला. सभेत बोलणे हे ग्रे यांचे बलस्थान नव्हते. पण पुरावा त्यांच्याकडे होता. या वादाला आणखी एक बाजू होती. आगासी मानववंशांचीही निर्मिती वेगवेगळी झाली असे सांगत, आणि गुलामगिरीचे समर्थक त्याचा सोयीस्कर उपयोग करून घेत. सर्व मानव एका मूळ पुरुषापासून झाले, या बायबलच्या शिकवणीशी ग्रे यांची समान उगमाची कल्पनाच अधिक जुळणारी होती. विज्ञान विरुद्ध धर्म अशी जी सरळ विभागणी या काळाविषयी केली जाते, ती येथे लागू पडत नाही.

योजनेचा प्रश्न

डार्विन यांचा ग्रंथ नोव्हेंबर १८५९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याची अमेरिकन आवृत्ती निघावी व लेखकास मानधन मिळावे, यासाठी ग्रे यांनी खटपट केली, आणि १८६० मध्ये त्याचे विस्तृत परीक्षण लिहिले. त्याच वर्षी अटलांटिक मंथली या मासिकात त्यांचे तीन निनावी लेख आले. नैसर्गिक निवड हे निर्मितीचे साधन आहे. साधन सापडल्याने निर्माता नाहीसा होत नाही, असा त्यांचा आशय होता. डार्विन यांना ते इतके आवडले की त्यांनी ते स्वतः खर्चाचा वाटा उचलून पुस्तिकेच्या रूपाने इंग्लंडमध्ये उपलब्ध करून दिले.

सहमती मात्र तेवढ्यापुरतीच होती. मे १८६० मधील पत्रात डार्विन यांनी आपली अडचण कळवली होती. जिवंत सुरवंटाच्या शरीरात वाढणाऱ्या अळ्यांची गांधीलमाशी एखाद्या दयाळू ईश्वराने हेतुपूर्वक निर्माण केली असेल, हे त्यांना पटत नव्हते. आणि सारे विश्व केवळ अंध योगायोग आहे असेही म्हणवत नव्हते. ग्रे यांनी सुचवले होते की निवड ज्या बदलांवर काम करते, ते बदलच, शेताकडे पाटाने पाणी वळवावे तसे, उपकारक दिशेने नेले गेले असावेत. १८६८ च्या आपल्या ग्रंथाच्या शेवटी डार्विन यांनी ग्रे यांचे नाव घेऊन ही कल्पना नाकारली. कड्यावरून कोसळलेले ओबडधोबड दगड निवडून एखाद्याने घर बांधले, तर त्या दगडांचे आकार त्या गवंड्यासाठीच ठरवून दिले होते असे म्हणता येईल काय, असा त्यांचा प्रश्न होता. ग्रे यांनी उत्तरादाखल पाठवलेले पत्र त्यांच्या प्रामाणिकपणाचा पुरावा आहे. या युक्तिवादाला तत्त्वतः उत्तर नाही, कारण योजनेची कल्पना शेवटी मुख्यतः श्रद्धेवरच उभी आहे, हे त्यांनी मान्य केले. ती श्रद्धा मात्र त्यांनी सोडली नाही.

दुसऱ्या बाजूने धर्मशास्त्री चालून आले. प्रिन्स्टनचे चार्ल्स हॉज यांनी १८७४ मध्ये डार्विनवाद म्हणजे निरीश्वरवाद, असा निष्कर्ष काढणारे पुस्तक लिहिले. ग्रे यांनी त्याला उत्तर दिले आणि १८७६ साली आपले या विषयावरील लेख डार्विनियाना या नावाने एकत्र केले. प्रस्तावनेत त्यांनी स्वतःस शास्त्रीय बाबतीत आपल्या परीने डार्विनवादी आणि धर्माच्या बाबतीत नायसिया येथील श्रद्धासूत्र मानणारा म्हटले. १८८० मध्ये येल येथील धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांपुढे त्यांनी विज्ञान व धर्म यांवर दोन व्याख्याने दिली.

उत्तरायुष्य

मतभेदांमुळे मैत्रीत अंतर पडले नाही. ग्रे दांपत्य १८६८ मध्ये डाउन येथे डार्विन यांच्या घरी राहून आले, आणि १८७७ साली फुलांच्या रूपभेदांवरील ग्रंथ डार्विन यांनी ग्रे यांना अर्पण केला. वेलींच्या तंतूंच्या हालचालींवरील ग्रे यांच्या एका छोट्या टिपणावरून डार्विन यांनी वेलींचा अभ्यास हाती घेतला होता.

ग्रे यांच्या आयुष्यातील एक शोध ४० वर्षे चालला. १८३९ साली पॅरिसमधील एका जुन्या संग्रहात त्यांना कॅरोलिनाच्या डोंगरातून आणलेला एक अपुरा, निनावी नमुना दिसला. त्यांनी त्यास शॉर्शिया हे नाव दिले व पुढे ते झाड शोधण्याचा प्रयत्न केला. ते सापडले नाही. १८७७ मध्ये उत्तर कॅरोलिनातील एका किशोरवयीन मुलाला ते नदीकाठी आढळले. त्याचे जपानी आप्त तोवर ग्रे यांना माहीत झाले होते.

१८८७ च्या युरोप प्रवासात ऑक्सफर्ड, केंब्रिज व एडिंबरा विद्यापीठांनी त्यांना सन्माननीय पदव्या दिल्या. परतल्यावर थोड्याच दिवसांत त्यांना पक्षाघाताचा झटका आला. ३० जानेवारी, १८८८ रोजी मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथे त्यांचे निधन झाले. उत्तर अमेरिकेच्या वनस्पतींचा नव्याने हाती घेतलेला ग्रंथ अपुरा राहिला. कोलोराडोतील ग्रेज पीक हे शिखर त्यांच्या नावाने ओळखले जाते. १८७२ मध्ये ते स्वतः त्यावर चढून गेले होते.